आधी समोरच्याचं

आमच्या बाइंडिंगच्या खोलीत चौदा माणसं काम करायची आणि एक माणूस वाचायचा. वाचणाऱ्याचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण ते मालकालाही वही उघडल्यावरच आठवायचं. आम्ही सगळे त्यांना रेडिओदादा म्हणायचो. मी त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं बांधत आले, स्वतः लिहायची ही पहिलीच खेप. तेव्हा इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

आमचं काम साधं आहे. छापखान्यातून मोठाले कागद येतात, त्यांना फर्मे म्हणतात. एक फर्मा तीनदा दुमडला की त्याची सोळा पानं होतात. असे फर्मे दुमडायचे, जुळवायचे, शिवायचे, कापायचे, वर पुठ्ठा चढवायचा. दिवसभर हात गुंतलेले आणि डोकं मोकळं. रिकामं मन सैतानाचं घर म्हणतात. आमच्या खोलीत अशी चौदा घरं होती.

दादा मुळात कटिंगवर होते. ऐन तिशीत मशीनच्या पात्यानं त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली आणि तिसरं निम्मं ठेवलं. मालक म्हणाला, आता घरी बसा. मालक वाईट नाही, पण त्याचा चांगुलपणाही बेताचाच. तेव्हाच्या मोठ्या बायकांपैकी एकीनं त्याला विचारलं, ‘बोटं गेली, आवाज तर शाबूत आहे ना? मग आम्हाला पेपर वाचून दाखवू दे त्याला. त्याच्या वाटचं काम आम्ही करू.’ ठरलं असं की प्रत्येकानं रोज एक गठ्ठा जास्तीचा दुमडायचा आणि दादांच्या खुर्चीशेजारच्या फळीवर आणून ठेवायचा. एका माणसाच्या जागी चौदा गठ्ठे मिळतात म्हटल्यावर मालक लगेच उदार झाला. त्या गठ्ठ्याला नावच पडलं, दादाचा गठ्ठा. मी लागले तेव्हा सगळ्यांत लहान होते म्हणून मला धाकटी म्हणायला लागले. आता डोक्यावर काळा केस शोधावा लागतो, तरी मी धाकटीच आहे. पहिल्या दिवशी मला फर्मा दुमडायला शिकवायच्या आधी दादाचा गठ्ठा कुठे ठेवायचा ते शिकवलं होतं.

दादा दोन पेपर आणायचे, एक जाड आणि एक पातळ. जाड पेपर सरकारच्या बाजूचा, त्याला जाहिराती भरपूर. पातळ पेपर विरोधातला, म्हणून पातळ. दोन्ही पेपर ते पहाटे घरी दोनदा वाचून यायचे. त्यांची बायको म्हणे ओरडायची, की घरात माणूस आहे की वाचनालय. दादा म्हणायचे, ‘घरी ती बोलते, मी ऐकतो. इथे मी बोलतो, तुम्ही ऐका. फिटंफाट.’

वाचायला सुरुवात निधनवार्तांपासून. ‘गेलेल्या माणसावरून कोणी भांडत नाही,’ म्हणायचे, ‘तेवढी दहा मिनिटं तरी सगळे एका बाजूला.’ मग मोठी बातमी. ती आधी एका पेपरातली, मग लगेच दुसऱ्यातली, आणि कुठली कुठल्या पेपरातली हे सांगायचे नाहीत. आवाजात चढउतार नाही. मंत्र्याचं भाषण आणि हरवलेल्या सायकलची जाहिरात एकाच सुरात. नवीन माणसाला वाटायचं, काय हे मुर्दाड वाचन. आठ दिवसांनी त्याला गोडी लागायची, कारण राग कुठे आणायचा ते आपलं आपण ठरवायला मिळायचं.

त्यांचा एक नेम होता. बातमीत आमच्यापैकी कोणाच्या घरचं, नात्यातलं काही असेल, तर काम सुरू व्हायच्या आधी ते त्या माणसाजवळ यायचे आणि हळूच विचारायचे, ‘वाचू का?’ आमच्याकडे खळ लावायला खळभाऊ म्हणून आहेत, ताडमाड उंच, आणि सरकार कोणाचंही असो, ते सरकारच्या बाजूचे. त्यांच्या मेहुण्याला एकदा दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं. खळभाऊ ‘नको’ म्हणाले. त्या दिवशी दादांनी तिसरं पान वाचलं नाही. आम्ही सगळ्यांनी ते घरी जाऊन वाचलं, तो भाग वेगळा.

आणि एक नियम होता. वाचन संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही, आणि बोलायला लागल्यावर आधी समोरच्याचं सांगायचं. म्हणजे मला खळभाऊंचं पटलं नाही, तर आधी मी खळभाऊंचं म्हणणं माझ्या तोंडानं सांगायचं. खळभाऊ ‘हो’ म्हणाले, की मग माझी पाळी. ते ‘नाही’ म्हणाले, की पुन्हा सांगायचं. हा नियम दादांनी कसा काढला तर एका निवडणुकीत खळीचा ब्रश कोणाच्या तरी डोक्यात बसला होता तेव्हा. निम्मी भांडणं पहिल्या पायरीवरच संपायची. एकदा खळभाऊंनी समोरच्याचं इतकं नीट सांगितलं की त्यांचं त्यांनाच पटलं. मग तीन दिवस ते दादांशी बोलले नाहीत.

माझ्या समोर सुई बसायची. ती शिलाईवर, म्हणून सुई. नाव पडायला तिची जीभही कारण आहे. आम्ही एकाच वर्षी लागलो. ती नाल्यापलीकडच्या वस्तीत राहते, मी अलीकडे. माझ्या बाळंतपणात माझ्या वाटचा दादाचा गठ्ठा तीन महिने तिनं दुमडला होता. जेवणाच्या सुट्टीत कुठला डबा कोणाचा, हे घरी गेल्यावर झाकण बघून कळायचं.

मग फोन आले. त्यात फोनचा दोष किती आणि आमचा किती, ते मला आजही सांगता येणार नाही. सुरुवातीला एका कानात दादा आणि दुसऱ्या कानात फोन असं चालायचं. दादांनी बातमी वाचली की कोणी तरी म्हणायचं, ‘दादा, हे शिळं झालं, पुढचं आलंय.’ दादा म्हणायचे, ‘मग पुढचं उद्या.’ पुढे दोन्ही कानांत फोन गेला. फोनला आपल्याला काय आवडतं ते कळतं. माझ्या सासूला जन्मभर जे कळलं नाही, ते त्याला आठ दिवसांत कळलं. मला राग आला की तो आणखी थोडा राग आणून द्यायचा, अगदी गरमागरम. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. दिवसभर फर्मे दुमडून आलेल्या बाईला कोणी तरी सांगतंय की तुझं बरोबर आहे. घरात दुसरं कोण सांगतं?

आमचा सगळ्यांचा एक ग्रुप होता. त्यात तेढ वाढली, निम्मे बाहेर पडले. मग खळभाऊंनी दुसरा काढला, त्यात नाल्यापलीकडचं कोणी नव्हतं. तसं कोणी ठरवलं नव्हतं म्हणे. मी त्यात होते. सुईला मी ते कधी सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही.

हळूहळू लोक म्हणायला लागले की दादा विकले गेलेत. सरकारच्या बाजूचे म्हणत, दादा पातळ पेपर जोरात वाचतात. विरोधातले म्हणत, जाड पेपर सावकाश वाचतात. फळीवरचे गठ्ठे कमी व्हायला लागले. चौदाचे अकरा झाले, अकराचे नऊ. दादा संध्याकाळी फळीकडे बघायचे नाहीत, चष्मा पुसत बसायचे. पण आम्ही सगळे बघायचो.

त्यातच उन्हाळा आला आणि पाण्याचे हाल सुरू झाले. आमच्या अलीकडच्या गल्ल्यांत नळाला करंगळीएवढी धार. माझी सून सातव्या महिन्यात होती. मी कामावर, मुलगा कामावर, आणि ती पोर दुपारी टँकरपुढे उभी राहून तिसऱ्या मजल्यावर कळशी चढवायची. संध्याकाळी तिचे सुजलेले पाय चेपता चेपता मी चिडत राहायची. दादांनी बातमी वाचली, मोठ्या पंपाचा भाग जळला आहे, दुरुस्तीला महिना लागेल. दोन्ही पेपरांत तेच होतं, चार ओळी, पाचव्या पानावर. पंपावर कसा राग काढायचा? पंपाला तोंड नसतं.

फोननं मला तोंड दिलं. एक व्हिडिओ आला. नाल्याजवळच्या खड्ड्यात एक माणूस गुडघ्यावर बसून लांब लोखंडी चावी फिरवतोय, मागे पलीकडची वस्ती. खाली लिहिलं होतं, ‘पाणीचोर रंगेहाथ. तुमचं पाणी रोज पलीकडे वळवलं जातं. गप्प बसणार का?’ मी गप्प बसले नाही. आमच्या ग्रुपवर टाकला, वर स्वतःचं एक वाक्यही टाकलं. आणि दुसऱ्या दिवसापासून दादाचा गठ्ठा दुमडायचं बंद केलं. मला वाटलं, यांना सगळं माहीत असून हे पंपाचं पुराण लावताहेत. सुई रोज आपला गठ्ठा ठेवून यायची, येताना माझ्याकडे बघायची, आणि मी दोरा संपलाय का वगैरे काही तरी विचारायची.

गठ्ठे सहावर आले तेव्हा मालक खोलीत आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, ‘दादा, महिनाअखेरपर्यंत बघू. निम्म्यांना तरी तुम्ही हवे असायला हवे. सात गठ्ठे आले तर खुर्ची राहील. नाही तर मला तिथे रॅक लावायचाय.’ दादा म्हणाले, ‘बरं.’ त्यांना बासष्ट वर्षं झाली होती. अडीच बोटं कमी असलेल्या माणसाला या वयात दुसरीकडे कोण खुर्ची देणार? घरी मुलगा होता, पण त्याचं आणि दादांचं राजकारणावरून फाटलेलं. मुलगा रोज बातम्या पाठवायचा आणि दादांकडे साधा, बटणांचा फोन. त्यामुळे न वाचताच भांडण चालू होतं.

चोवीस तारखेला दादा पेपरांशिवाय आले. खुर्चीवर बसले, घसा खाकरला आणि म्हणाले, ‘आज तुमचंच वाचतो. तुमच्या फोनवर जे येतं ते. ज्याला वाटतं त्यानं फोन द्यावा. सगळ्यांनी ऐकू या.’

खळभाऊंनी लगेच हात पुसून फोन दिला, त्यांना वाटलं दादा वळले. दादांनी चष्मा वर केला, फोन लांब धरला आणि निधनवार्तेच्या आवाजात वाचायला सुरुवात केली. ‘झोपलेल्यांनो, जागे व्हा. उद्गारचिन्ह, उद्गारचिन्ह, उद्गारचिन्ह. हा मेसेज दहा जणांना पाठवला नाहीत तर तुम्ही आपल्या आईचे नाही.’ कोणी तरी फिस्सकन हसलं. पुढे विरोधातल्या लोकांचे आईबाप, त्यांची लायकी, त्यांना कुठे पाठवावं, सगळं दादा शांतपणे वाचत गेले. विरोधातले चौघं तिथेच बसलेले. एक पुठ्ठा कापत होता, एकीनं नुकताच खळभाऊंना पाण्याचा पेला दिला होता.

‘दादा, असं नाही वाचायचं ते,’ खळभाऊ म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

‘मग कसं वाचायचं?’

खळभाऊंनी बराच विचार केला. ‘मनात वाचायचं असतं,’ ते म्हणाले.

खोली हसली, खळभाऊही हसले. कितीतरी महिन्यांनी चौदा माणसं एका गोष्टीला हसली. मग विरोधातल्या एकाचा फोन आला, त्यातही तीच उद्गारचिन्हं होती, फक्त आईबाप बदलले होते. पुन्हा हसू. लोकांनी कानांतली इअरफोनची बोंडं काढून ठेवली होती. मला वाटलं, सात काय, आज दहा गठ्ठे होतील. आणि मला हेही वाटलं की यांचं सगळं खोटं असेल, पण माझ्याकडचं खरं आहे. माझ्याकडे व्हिडिओ आहे. सगळ्यांनी एकदा ऐकावंच. सुई समोर होती, तिचा विचार मनात आला नाही असं नाही. मी स्वतःला सांगितलं, सुई वेगळी आणि ते लोक वेगळे. मी उठून दादांना फोन दिला.

पेपर ते दोनदा वाचून यायचे. फोन पहिल्यांदाच वाचत होते. त्यांनी वाचलं, ‘पाणीचोर रंगेहाथ.’ मग वरचं माझं वाक्य वाचलं. ‘या लोकांना आयतं खायची सवय आहे, एकेकाचे हात तोडले पाहिजेत.’ मी ते रागात, सुनेचे पाय चेपून आल्यावर लिहिलं होतं. दादांच्या त्या सपाट आवाजात त्यातला राग गेला आणि नुसते हात तोडायचे राहिले. दादांचा स्वतःचा हात फोनवर होता, अडीच बोटं कमी असलेला. कोणी हसलं नाही. दादांनी नकळत व्हिडिओवर बोट ठेवलं असावं, तो चालू झाला. चावी फिरल्याचा करकर आवाज खोलीभर ऐकू आला.

सुईनं हातातली सुई खोचून ठेवली. ‘मला बोलायचंय,’ ती म्हणाली.

दादांनी विचारलं, ‘नियमानं?’

‘नियमानं. आधी तिचं सांगते.’ ती माझ्याकडे न बघता बोलायला लागली. ‘धाकटीचं म्हणणं असं. तिच्या घरी पाणी येत नाही. सुनेला सातवा महिना आहे, तिला तीन मजले कळशी चढवावी लागते. पाय सुजतात. परवा जिन्यात तिला चक्कर आली, ते धाकटीनं कोणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी तिनं डबा उघडला नाही त्यावरून मला कळलं. एवढे हाल होतात आणि कोणी विचारत नाही. मग कोणी दाखवलं की हा बघ तुझा चोर, तर ती त्याचे हात तोडा म्हणणारच. मीही म्हटलं असतं.’ मग तिनं विचारलं, ‘बरोबर आहे?’

माझं दुःख मला स्वतःला इतकं नीट कधी सांगता आलं नव्हतं. मी ‘हो’ म्हणाले. म्हणजे बहुतेक मान हलवली.

‘आता माझं,’ सुई म्हणाली. ‘तो माझा दीर आहे. पाणीखात्यात चावीवाला आहे. चावी फिरवायचा त्याला पगार मिळतो. त्या दिवशी तो तुमच्या बाजूचं पाणी सोडत होता.’

दादांनी फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

‘आठ दिवस तो कामावर जात नाही. पोरांनी त्याला नाल्यापाशी गाठून मारलं. हात मोडलेला नाही, सुजलाय फक्त. बदली माणूस येतो, त्याला कुठली चावी किती फिरवायची ते कळत नाही.’

करंगळीएवढी धार त्याच आठवड्यात बंद झाली होती. ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. दादा माझ्याकडे वळले. त्यांचाही चेहरा उतरला होता, पण नियम तो नियम. ‘धाकटे, तुझी पाळी. आधी तिचं सांग.’

मी तोंड उघडलं. ‘तिचं म्हणणं असं,’ म्हणाले, आणि हातात फर्मा होता तो दुमडत राहिले. दुपारी बघितलं तर तो अख्खा गठ्ठा मी उलटा दुमडला होता, सोळाव्या पानापासून सुरू होणारा. अठ्ठावीस वर्षांत असं झालं नव्हतं.

संध्याकाळी फळीवर सहाच गठ्ठे होते. लोक लाजेनं असो की दादांच्या प्रेमानं, आणखी गठ्ठे ठेवतील असं मला वाटलं होतं. माझा मी ठेवला, वीस दिवसांनी. तरी सहाच. मी पुन्हा मोजले. सुईनं ठेवला नव्हता. इतकी वर्षं जिचा गठ्ठा एक दिवस चुकला नाही, तिचा नव्हता.

दादा दारापाशी तिच्यासाठी थांबले. मी मागेच होते, ऐकू येत होतं. ती म्हणाली, ‘दादा, ते माझ्या घरातलं होतं. खळभाऊंच्या मेहुण्याचं वाचायच्या आधी तुम्ही त्यांना विचारलं होतंत.’

‘मला माहीत नव्हतं, बाई.’

‘माहीत करून घेऊन मग वाचायचात. म्हणून तर आम्ही ऐकायचो.’

दादा म्हणाले, ‘चुकलं.’ ते चुकले होतेच. पण फोन मी दिला होता. आणि हे त्या दोघांनाही मी तिथे जाऊन सांगितलं नाही.

पुढचे पाच दिवस दादा पुन्हा पेपर घेऊन आले. खळभाऊंनी एक दिवस गठ्ठा ठेवला, दुसऱ्या दिवशी नाही. बोंडं परत कानांत गेली. एकदा हसलं म्हणून माणूस बदलत नाही, आणि आम्ही दमलोही होतो. रोज घरी जाऊन पाण्याची वाट बघायची, रोज कोणावर तरी चिडायचं, रोज सकाळी त्यांच्याच समोर बसून फर्मे दुमडायचे. त्यात आणखी दुसऱ्याचं म्हणणं डोक्यात घ्यायला जागा कुठून आणायची?

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दादांनी वाचन लवकर संपवलं. निधनवार्ता सोडून काही वाचलंच नाही. मग म्हणाले, ‘धाकटीची पाळी राहिली आहे.’

मी सहा दिवस मनात तयारी केली होती. उभी राहिले. ‘सुईचं म्हणणं असं, की तिचा दीर चोर नाही, नोकरीवर होता, आणि आपण खात्री न करता...’

‘नाही,’ सुई म्हणाली. ‘ते नाही.’

मी पुन्हा सांगितलं. की त्याला मारलं ते वाईट झालं, आणि मी ते लिहायला नको होतं.

‘ते तुझं झालं. माझं सांग.’

मला खरंच येईना. तिचं काय म्हणणं होतं? समोर इतकी वर्षं बसलेल्या बाईचं. तिनं माझं एका दमात सांगितलं होतं, डब्याच्या झाकणासकट. मला तिच्या दिराला मुलं किती तेही ठाऊक नव्हतं. सुटीची घंटा झाली, लोक उठले. फळीवर सहा गठ्ठे होते. मालकानं खुर्ची उचलायला स्वतः हात लावला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. दादांनी चष्म्याची डबी खिशात घातली, फळीवरून एकदा डावा हात फिरवला आणि गेले. आता तिथे रॅक आहे.

पंधरा दिवसांनी पंप दुरुस्त झाला. सुईचा दीर कामावर परत आला हे मला असं कळलं, की एका पहाटे नळ जोरात वाजला. सून झोपली होती. मी खाली उतरले, म्हटलं त्याला भेटावं, काही तरी बोलावं. अंधुक होतं, म्हणून फोनचा उजेड लावला होता. नाल्याजवळ तो गुडघ्यावर बसून चावी फिरवत होता, व्हिडिओत होता तसाच. उजेड अंगावर पडताच त्यानं चावी सोडली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याला वाटलं, मी शूटिंग करतेय. मी फोन पदराखाली घातला, पण त्यानं हात काढले नाहीत. मी तशीच परत आले.

हे सांगायला मी दादांच्या घरी गेले. दुसरं कोणाला सांगणार? ते बायकोला भाजी निवडू लागत होते. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘हे मला सांगायच्या आधी सुईला विचारलंस का?’

नव्हतं विचारलं.

म्हणून हे लिहून झाल्यावर मी कागद घेऊन नाल्यापलीकडे गेले, पहिल्यांदाच. तिचं घर तळमजल्यावर आहे, नळ दारात. मी दारातच बसून तिला सगळं वाचून दाखवलं, दादांसारखं सपाट आवाजात वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही. तिनं तीन ठिकाणी थांबवलं. बाळंतपणात तिनं गठ्ठा तीन महिने नाही, चार महिने दुमडला होता. दिराला पोरांनी मारलं असं मी तिच्या तोंडी लिहिलं होतं. ती म्हणाली, पोरं नव्हती, मोठी माणसं होती, त्यातला एक ओळखीचा होता, पण लिहिलंयस तसंच राहू दे. आणि पहाटे त्यानं तोंड झाकलं ते तिला घरी कोणी सांगितलं नव्हतं. ते ऐकल्यावर ती उठून आत गेली, बऱ्याच वेळानं आली.

मी विचारलं, ‘बरोबर आहे का?’

नियमाप्रमाणे तिनं ‘हो’ म्हणायला हवं होतं, किंवा ‘नाही’.

‘चालेल,’ ती म्हणाली.